शैलाताई आणि लांब कानांचा मग

शैलाताई, तुमच्या कपाटाची किल्ली मधुरानं माझ्यापुढं धरली तेव्हा मी किल्लीकडं बघितलं नाही, तिच्या तोंडाकडं बघितलं. ही सवय तुमची. वस्तू हातात घेण्याआधी देणाऱ्याचं तोंड वाचायचं, हे तुम्ही इतक्या वेळा सांगितलंत की आता भाजीवालीनं कोथिंबिरीच्या दोन काड्या जास्त दिल्या तरी मी तिच्याकडं संशयानं बघतो. मधुरा तुमची सख्खी भाची, पुण्याहून धावत आलेली, रडून डोळे सुजलेले. तिच्या तोंडावर वाचण्यासारखं काही नव्हतं.

"मावशीनं दवाखान्यातच सांगितलं होतं," ती म्हणाली. "कपाट अन्वरमामाला द्यायचं, आतल्या सगळ्या मगांसकट. मी विचारलं, बाकीच्या सामानाचं काय? तर म्हणाली, ते तुझं तू बघ."

मी किल्ली घेतली, आणि खरं सांगतो ताई, दुःखाच्याही आधी माझ्या मनात एक प्रश्न आला. देवगावचा मग आत असेल का?

तुम्हाला याचं नवल वाटलं नसतं. तुम्ही चष्म्यावरून बघत म्हणाला असतात, "आलास ना मुद्द्यावर?" आपल्या दोघांमध्ये शक हाच कायम तिसरा माणूस होता. त्याला बाजूला बसवूनच आपण चहा प्यायचो.

औरंगपुऱ्यातल्या माझ्या क्रोकरीच्या दुकानात तुम्ही पहिल्यांदा आलात ते काही घ्यायला नाही. टॉवेलात गुंडाळलेली वस्तू काउंटरवर ठेवलीत आणि विचारलंत, "हे कुठं बनलं असेल, सांगता येईल का?" तपकिरी रंगाचा चिनी मातीचा मग होता. पुढून अख्खा चेहरा. मिटलेले डोळे, विचकलेले दात, कपाळाला आठ्या.

"राक्षस दिसतो, मॅडम," मी म्हटलं.

"राक्षस नाही, देव आहे. तोही उसना."

पॅसिफिकमधल्या बेटांवर लाकडात कोरलेले देव असतात, त्यांची नक्कल करून अमेरिकेतल्या बारवाल्यांनी असे मग काढले, त्यांना टिकी मग म्हणतात, त्यातून फळांच्या रसात दारू घालून देतात, आणि आता हौशी लोक जुने टिकी मग जगभर वेड्यासारखे शोधत फिरतात, हे सगळं तुम्ही मला उभ्या उभ्या सांगितलंत. तुम्ही अजिंठ्याला गाइड होतात. लेणी बघून खूश झालेल्या एका अमेरिकन बाईनं तो तुम्हाला घरी गेल्यावर पार्सलनं पाठवला होता. फुकट आलेली वस्तू, म्हणून तुम्हाला तिचाच संशय. खरा जुना आहे की कालपरवाचा, हे क्रोकरीवाल्याकडून तपासून हवं होतं. मी पालथा करून बघितला आणि जपानी माल असावा म्हटलं. तुम्ही तो माझ्या हातातून घेतलात आणि बुडाच्या झिलई नसलेल्या कडेला चक्क जीभ लावलीत. दुकानात गिऱ्हाइकं होती, सगळी बघत राहिली.

"जीभ चिकटते," तुम्ही म्हणालात. "भट्टीत भाजणी कमी झालीय. जपानी नसेल."

या बाईशी आपलं जमणार आणि कधीच पटणार नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

त्यानंतरचे रविवार आपण शहागंजच्या मागच्या गल्ल्यांमध्ये घालवले. मी स्कूटर चालवायचो, तुम्ही मागं पिशवी धरून. जुन्या सामानाच्या दुकानात शिरण्याआधी तुम्ही मला बजावायचात की मी एखाद्या किटलीची घासाघीस करायची आणि ज्यात जीव अडकलाय त्या वस्तूकडं ढुंकूनही बघायचं नाही. एकदा एका दुकानदारानं स्वतःहूनच चेहऱ्याचा एक मग पुढं केला. "निजाम के टाइम का है, बाई."

तुम्ही तो नाकाशी नेलात. "याला चहाचा वास येतो."

"पुरानी चीज है. चाय पी होगी किसीने."

"चहा आतून प्यायचा असतो. याला बाहेरून पाजलाय."

दुकानदार हसत सुटला. नवा मग कडक चहाच्या पाण्यात उकळून जुना करायचा धंदा त्यानं आपणहून कबूल केला. बाहेर आल्यावर मला वाटलं तुम्ही खुशीत असाल. तर तुम्ही स्कूटरपाशी थांबून मला विचारलंत, "तुझी ओळख आहे ना त्याच्याशी?"

"या बाजारात माझी सगळ्यांशीच ओळख आहे, ताई."

"तेच म्हणतेय मी."

मी स्कूटरला जोरात किक मारली. उतरताना मात्र म्हणालात, "पुढच्या रविवारी लवकर ये. ऊन चढायच्या आत जाऊ."

आणि नंतर तो लांब कानांचा मग आपल्या आयुष्यात आला. एका जर्मन म्हाताऱ्यानं तुम्हाला त्याच्या तरुणपणातला फोटो दाखवला होता. आपल्याच शहरातलं, छावणीकडच्या रस्त्यावरचं जुनं हॉटेल, जे पाडून आता तिथं लग्नाचं लॉन झालंय. परदेशी पाहुण्यांसाठी तिथं बांबूच्या छपराचा बार काढला होता. फोटोत जर्मन तरुणाच्या हातात हिरवा मग, वर देवाचा चेहरा, आणि त्या देवाचे कान अजिंठ्याच्या मूर्तीसारखे खांद्यापर्यंत लोंबणारे. जगात कुठंच असा टिकी नाही, असं तुम्ही म्हणालात, तेव्हा तुमचा आवाज हलला होता. तुम्ही त्याला लंबकर्ण म्हणायला लागलात.

"लंबकर्ण म्हणजे गाढव ना, ताई?"

"गाढव आपण दोघं. तो देव आहे."

त्या हॉटेलात काम केलेला माणूस शोधता शोधता आपले उन्हाळे गेले. कुणी माहीत नाही म्हणायचं, की तुम्हाला वाटायचं हा लपवतोय. कुणी माहीत आहे म्हणायचं, की वाटायचं हा फसवतोय. शेवटी देवगाव रंगारीचे किसनराव सापडले. बारमध्ये वेटर होते, हॉटेल बंद पडल्यावर गावी परतले, शेती केली, आणि आता थकून ओसरीवर बसलेले. आपण एसटीनं गेलो. तुम्ही नमस्कार केलात आणि पाण्याचा तांब्या यायच्या आत विचारलंत, "हॉटेल बंद झालं तेव्हा तिथून काय काय आणलंत?"

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. किसनराव मात्र हसले. "लई काय नाय आणलं, ताई. एक मग आणला. मॅनेजर सायबानं दिला बी, आन् म्या घेतला बी."

सूनबाईनं आतून आणून दिला. हिरवा, जाड ओठांचा, अर्धवट मिटलेल्या डोळ्यांचा, आणि ते कान. साचा करणाऱ्याला मॅनेजरनं एक परदेशी मग दिला होता आणि लेण्यांचा फोटो दिला होता, त्यानं दोन्ही एकात घातले, असं किसनरावांनी सांगितलं. पाहुणे त्या कानांना हसायचे म्हणून तसे मग फार बनलेच नाहीत. "सकाळचा च्या म्या यातच पितो," ते म्हणाले.

मी आधी हातात घेतला. वजन बरोबर होतं. बूड वर्षानुवर्षं घासून गुळगुळीत झालेलं. साच्याची शिवण बोटाला जेमतेम लागत होती. मी तो तुमच्याकडं दिला. तुम्ही जीभ लावली नाहीत. नाकाशीही नेला नाहीत. एकदा पालथा केलात, सरळ केलात, खाली ठेवलात.

"नकली आहे."

"ताई, नीट बघा की."

"बघितला. कुणीतरी नंतर बनवलेला आहे. चल, गाडी चुकेल."

"म्या तर तिथूनच आणला," किसनराव म्हणाले. त्यांचं तोंड एवढंसं झालं.

"आणला असेल. पण हा तो नाही."

परतीच्या गाडीत तुम्ही खिडकीबाहेर बघत बसलात. मी तुमच्याकडं बघत बसलो. शहागंजातला एकेक फुटका मग उजेडात नेऊन तासभर तपासणारी बाई, जिनं या एका मगासाठी एवढी वर्षं घालवली, ती हा असा चुटकीसरशी सोडून कशी उठली? त्या गाडीत माझ्या मनात जे शिरलं ते पुढं निघालंच नाही.

काही महिन्यांनी किसनरावांची सून लग्नाच्या आहेरासाठी कपबश्या घ्यायला माझ्या दुकानात आली. बोलता बोलता म्हणून गेली, "त्या ताई परत आल्या होत्या की. एकल्याच." मी विचारलं, "आणि तो मग?" तिनं कपबशीवरची फुलं बघायला घेतली. "तो नाय आता घरात." एवढं बोलून तिनं घाईनं सामान बांधायला सांगितलं.

माझी खात्रीच झाली. मला नकली सांगून तुम्ही एकट्या जाऊन तो आणलात. त्यात भर म्हणजे तुम्ही तुमच्या कपाटाच्या खालच्या कप्प्याला कुलूप लावलंत. वरचे मग मला पूर्वीसारखे हाताळू द्यायचात, पण मी खाली वाकलो की तुम्ही मध्ये येऊन उभ्या राहायचात. "तिथं काही नाही." काही नाही तर कुलूप कशाला, असं विचारायला जीभ वळवळायची.

एकदा विचारलं, पण आडून. "देवगावकडं जाणं झालं का हल्ली?"

"का?"

"सहज."

"सहज तू काही विचारत नाहीस, अन्वर. तुला वाटतंय मी तो मग आणून लपवलाय."

"मी असं म्हटलं का?"

"म्हण ना एकदा. म्हणालास तर मला उत्तर तरी देता येईल."

मी म्हटलं नाही. तुम्ही हो म्हणाला असतात तर तुटलं असतं, आणि नाही म्हणाला असतात तर माझा विश्वास बसला नसता. म्हणून मी चहाचा कप उचलला, आणि तुम्ही माझ्याकडं बघत राहिलात. त्या दिवसानंतर आपण रविवारी जायचो, हसायचोही, पण बाजारात तुम्ही काही उचललंत की मी तुमच्या हाताकडं बघायचो आणि तुम्ही माझ्या डोळ्यांकडं. तुम्ही हळूहळू वाळत चालला होतात, जिना चढताना कठड्याला धरून थांबायचात, तेही मी बघितलं. पण संशयी माणसाला एकच गोष्ट दिसते, बाकीच्या दिसून दिसत नाहीत. रविवार चुकवायला लागलात तेव्हा मला वाटलं, आता माझ्या मागं दुसऱ्या कुणाला घेऊन फिरता. दवाखान्यातून मधुराचा फोन आला तेव्हा तुम्ही बोलण्याच्या पलीकडं गेला होतात. मी तुमच्या पलंगापाशी उभा राहिलो. तुम्ही डोळे उघडलेत, मला ओळखलंत, ओठ हलवलेत. काय म्हणालात ते मला ऐकू आलं नाही, आणि नर्सनं मला बाहेर काढलं.

तुम्ही गेल्यानंतर चौथ्या दिवशी मधुरासमोर मी कपाट उघडलं. वरच्या कप्प्यांत सगळे चेहरे ओळीनं बसलेले. पहिला तपकिरी तिथंच होता, ओळीच्या मागं दडवलेला शहागंजातला चहा पाजलेलाही होता. तो तुम्ही नंतर गुपचूप विकत घेतला होतात, हेही मला आत्ता कळलं. खालच्या कप्प्याचं कुलूप काढताना मधुरा माझ्या हातांकडं बघत होती. तिलाही काहीतरी वाटत असणार. "मामा, या वस्तूंना बाहेर मागणी आहे का?" तिनं विचारलं. मी "असते" म्हटलं, आणि दार उघडलं.

आत औषधं होती. गोळ्यांच्या पट्ट्या, इंजेक्शनची खोकी, डोक्याला बांधायचे रुमाल, आणि केस गळतात तेव्हा घालतात तो विग, पिशवीत घालून ठेवलेला. मधुरा खाली बसली. "मलाही सांगितलं नव्हतं," ती म्हणाली. "शेवटच्या महिन्यात कळलं." मी त्या कप्प्यासमोर किती वेळा वाकलो होतो, ताई. आणि तुम्ही किती वेळा मध्ये येऊन उभ्या राहिला होतात.

तरीही मन बघा. रडू ओसरल्यावर मी परत कपाट तपासलं. लंबकर्ण नव्हता. पलंगाखालच्या ट्रंकेतही नव्हता, स्वयंपाकघरातही नव्हता. एकतर तुम्ही नेला नाहीत, किंवा नेऊन दुसऱ्याला दिलात. कुणाला?

देवगावला तुमची बातमी द्यायला जातो, असं मी घरी सांगितलं. बायको म्हणाली, "फोनवर देता आली असती." मी चपला घातल्या.

किसनराव ओसरीवरच होते. विचारायचं म्हणून वाक्य मी गाडीत जुळवत आलो होतो, पण त्यांना बघितल्यावर तोंडून एवढंच निघालं, "ताई गेल्या." त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि मांडीवर ठेवली. आतून सूनबाई चहा घेऊन आली आणि मला बघून दारातच थबकली. तिच्या एका हातात माझी कपबशी होती. दुसऱ्या हातात तो हिरवा मग.

"आन गं," किसनराव म्हणाले. "आता कुनापासून लपवायचं?"

त्यांनी सांगितलं ते असं. आपण त्या दिवशी निघाल्यावर सूनबाईनं म्हटलं, नकलीच आहे तर कशाला जपायचा, आणि मग न्हाणीत साबण ठेवायला टाकला. पण किसनरावांना सकाळचा चहा गोड लागेना. आठवडाभरानं तुम्ही एकट्या आलात. न्हाणीतला मग बघितलात, पदर खोचून स्वतः घासलात, पुसून त्यांच्या हातात दिलात.

"म्हनल्या, हा खरा हाय. मी त्या दिशी खोटं बोलले. म्या म्हनलं, का वो ताई? तर म्हनल्या, मी खरा म्हनले असते तर तुमच्याकडं ऱ्हायला नसता."

"त्यांनी मागितला नाही?"

"म्याच म्हनलं, तुमीच न्या. लई बघत बसल्या त्याच्याकडं. म्हनल्या, नेला असता. पन तुमी च्या कशात पिनार?" मगाच्या कानावरून त्यांनी अंगठा फिरवला. "तुमच्याबद्दल बी बोलल्या. राग नका धरू."

"बोला."

"म्हनल्या, कुनी बी इचारलं तर मग घरात नाय म्हना. आन् अन्वरला तर मुळीच सांगू नका. त्याला गोड बोलता येतं. तो मागंल आन् तुमी देऊन टाकाल."

मला राग आला, ताई. मेलेल्या माणसाचा राग येऊ नये म्हणतात, पण आला. एवढ्या वर्षांत मी तुमच्यासाठी उन्हातान्हात फिरलो, स्कूटर चालवली, तुमच्या शंका ऐकून घेतल्या, आणि तुम्ही एका परक्या ओसरीवर बसून माझ्याबद्दल हे सांगून आलात. किसनरावांनी मग माझ्यापुढं धरला. "आता न्या तुमी. ताईच्या कपाटात ठिवा." मी तो हातात घेतला. चहानं गरम होता. मनात आलं, घ्यावा. तुम्ही नाही, कुणी विचारणार नाही, म्हातारा स्वतः देतोय. मी एक शब्दही गोड बोललो नव्हतो आणि तो देत होता.

"चहा निवतोय तुमचा," मी म्हटलं, आणि परत त्यांच्या हातात दिला.

परतीच्या वाटेवर मी तुमच्याशी मनातल्या मनात कडाकडा भांडलो. मला चोर समजलात? तुमच्यासमोर मी कधी कुणाला फसवलं? गाडी दौलताबादच्या पुढं आली तेव्हा दुसरं काहीतरी मनात आलं. ज्या बाईचा माझ्यावर एवढा अविश्वास, तिनं मरताना आयुष्यभराचं कपाट माझ्या हवाली केलं. भाचीला सोडून. एकही अट न घालता. स्वतःचं होतं ते सगळं तुम्ही माझ्या हाती दिलंत, आणि दुसऱ्याचं होतं ते माझ्यापासून राखलंत. त्यातलं कुठलं खरं मानू? दोन्ही खरं असेल. तुम्ही मला पुरतं ओळखत होतात, म्हणून दोन्ही केलंत. हे समजल्यावर मला बरं वाटलं आणि दुखलंही, आणि अजून दोन्ही चालूच आहे.

मधुरा पुण्याला परतली. कपाट माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत आलंय. विकणार नाही, एवढं तिला सांगितलंय. तिनं माझ्याकडं जरा निरखून बघितलं. तुमचीच भाची.

पण एक गोष्ट मला तुम्हाला सांगायचीच आहे, ताई, आणि त्यावर तुमची बाजू ऐकायची माझी तयारी आहे. त्या दिवशी देवगावच्या फाट्यावर गाडीची वाट बघताना तुम्ही मला म्हणायला हवं होतं, "अन्वर, तो खरा आहे, पण आपण न्यायचा नाही." एवढंच. मी मान्य केलं असतं का? लगेच नाही. हुज्जत घातली असती. म्हटलं असतं की त्यांना दुसरा चांगला मग देऊ, माझ्या दुकानातला, बोन चायनाचा. तुम्ही म्हणाला असतात, तू दुकानदार तो दुकानदारच. मी रुसलो असतो, पुढच्या रविवारी आलो नसतो, त्याच्या पुढच्या रविवारी स्कूटर घेऊन तुमच्या दाराशी उभा राहिलो असतो आणि म्हटलं असतं, बरं, ठीक आहे, त्यांच्याकडंच राहू दे. तुम्हाला वाटलं मी ऐकणार नाही. मी ऐकलं असतं, ताई. फक्त भांडून ऐकलं असतं. ते भांडण तुम्ही मला करू दिलं नाहीत.